सूर्याची साफसफाई

माझं डोकंच फिरलं. पडद्यावर अकरा वर्षांचा आलेख होता आणि तो सरळसोट, इस्त्री केल्यासारखा! अहो, सूर्य आहे तो. इतका शहाण्यासारखा तो कधी वागलाय?

आमच्या वेधशाळेत आम्ही रोज सकाळी सूर्याच्या वर्णमंडलाचा फोटो काढतो. वर्णमंडल म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या सूर्याच्या अंगावरचा पातळ थर. सूर्य भरात असला की त्यावर उजळ चट्टे माजतात, थंडावला की विरत जातात. या चक्राला साधारण अकरा वर्षं लागतात. एक अख्खं चक्र मी टिपलं होतं. अंगात ताप असो नाहीतर घरात पाहुणे, मी दुर्बिणीवर हजर.

"फोटोंना हात कोणी लावला?" मी ओरडले.

"मी," धाकटी म्हणाली. माझी सख्खी बहीण! आधी ती लग्नाच्या फोटोंतले चेहरे साफ करायची. साहेबांनी नुकतंच तिला इथे घेतलं होतं. "ताई, केवढे चट्टे होते गं! सगळे पुसले. कुठला फोटो जास्त उजळ, कुठला कमी, तेही एकसारखं केलं."

"अगं भवाने, तेच तर मोजायचं होतं! मूळ फोटो कुठेत?"

तिचा चेहरा उतरला. "साहेब म्हणाले, जागा नाही, एकच प्रत ठेव. मी चांगली ठेवली."

मी तडक साहेबांच्या खोलीत शिरले. ते आरामात चहा ढवळत होते.

"आलेख कसा स्वच्छ आलाय!" ते म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सूर्याची हजामत केलीत तुम्ही! अक्कल गहाण टाकली होती का?"

"मग पुन्हा काढा की. सूर्य कुठे पळून चाललाय?"

पुन्हा म्हणे! सात वर्षांनी मी निवृत्त होणार. दार आपटून मी बाहेर पडले.

धाकटी घुमटाखाली रडत बसली होती. "ताई, मला हाकलून दे."

"हाकलून फोटो परत येणार आहेत? रडू नकोस, आणखी संताप होतो माझा!" मी तिचं मनगट घट्ट धरलं. तिला ओढत दुर्बिणीपाशी उभं केलं. "सात वर्षं मी काढीन. पुढची चार तुला एकटीला काढायचीत. डोळे पूस आणि नीट बघ."