झाकणावर दोनदा

आईनं मोरीचं दार ओढून घेतलं. "आता तू तोंड उघडू नकोस," ती मला म्हणाली. "आधीच खूप उजेड पाडलायस."

वन्यजीव खात्याच्या बाई जिना चढत होत्या. मी पावलं मोजत होते. अठरा पायऱ्या.

चूक माझीच होती. बाबा पाणी खात्यात मीटर वाचतात. सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या एका मीटरच्या खड्ड्यात त्यांना पाय चेंगरलेलं, अंगठ्याएवढं, बेडकासारखं पिल्लू सापडलं. पाय बरा होईपर्यंत म्हणून घरी आणलं, ते मोरीतल्या पालथ्या कुंडीखाली राहिलंच. आई त्याला पाहुणा म्हणायची.

"बेडूक नाही बाबा, खरखरीत कातडीचा भेक आहे," मी सांगायची.

"असेल. जेवायला वेळेवर येतो ना?"

यायचाच. बाबांच्या करंगळीवर सापाच्या दाताची जुनी खूण आहे. तेव्हापासून ते प्रत्येक मीटरचं झाकण उघडण्याआधी दोनदा वाजवतात. आत कोणी असेल तर त्याला कळावं म्हणून. कुंडीही तशीच वाजवायचे आणि मग किडे टाकायचे.

प्राणिशास्त्राची पदवी हातात आल्यावर मला त्याची जात पक्की करायची होती. वन्य प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर मी फोटो टाकला, खाली माझं नाव, पदवी आणि 'सहा वर्षे घरात' असं लिहिलं आणि घराचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत दिले. कोणीतरी उत्तर दिलं : डोंगरातली संरक्षित जात दिसते, पाळणाऱ्याला तुरुंग होतो. आठवड्यानं वन्यजीव खात्याचा फोन आला.

तेव्हापासून बाबा घास हातात धरून नुसते बसत. "माझी नोकरी जाईल का गं?" त्यांनी एकदाच विचारलं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही हे सांगायचंही धाडस झालं नाही.

बाई आत आल्या. "कुठं आहे?"

"सोडून दिला," बाबा म्हणाले. "कालच."

बंद घराचं रीडिंगसुद्धा या माणसानं कधी अंदाजानं लिहिलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

बाईंनी घर पाहिलं. मोरीपाशी थांबून, आत कोणी अंघोळ करत असेल म्हणून, त्यांनी दारावर बोटानं दोनदा टकटक केली.

आत कुंडी हलली. दाराच्या कुजलेल्या कोपऱ्यातून आधी एक पाय बाहेर आला, मग रुंद डोकं. पाहुणा लंगडत बाबांच्या पायाशी येऊन बसला.

बाबांनी डोळे मिटले होते.

बाई खाली बसल्या. "पदवीधर तूच ना? डोळ्यांवर बघ."

डोळ्यांवर काळ्या, उंच कडा होत्या. "साधी जात," मी कशीबशी म्हणाले. "संरक्षित जातीला कडा नसतात. फोटोत अंग ओलं होतं, त्या चमकेत दिसल्या नाहीत. आणि मी फोटोवरच विसंबले."

"म्हणजे राहू देऊ त्याला?" बाबांनी विचारलं.

"नाही, काका. साधा असो की दुर्मीळ, रानातला जीव परवान्याशिवाय ठेवता येत नाही. खटला करत नाही मी. पण आणला तिथं सोडा, आजच." जाताना त्या वळल्या. "आणि टकटक ऐकून बाहेर यायची त्याची सवय मोडा. उद्या कोणाच्याही हाती लागेल."

पुढच्या महिन्यात मी बाबांबरोबर फेरीला गेले. प्रत्येक झाकणावर दोनदा, मग हात आत. पाहुण्याला परत सोडलं होतं त्या खड्ड्यापाशी ते गुडघ्यांवर बसले. मूठ वर उचलली आणि तशीच थांबवली.

त्यांनी न वाजवताच झाकण सरकवलं. मान फिरवून, श्वास रोखून, खूण असलेला हात अंधारात घातला आणि मीटरच्या काचेवरची माती पुसली. मग वाकून आकडा वाचला.

"दिसला का?" मी हळूच विचारलं.

"मी मीटर बघितलं," बाबा म्हणाले, आणि आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी झाकण लावलं.