टायरवरची पिवळी अक्षरं

माझी भाची ठमी गाडी आत घेताना फाटकाला हमखास घासते. गेल्याच आठवड्यात माझ्या गाडीचं दार चेपलं, तेव्हा मी तिची चांगली खरडपट्टी काढली होती. आणि म्हणे ही बया शर्यतीत गाडी पळवणार! तीही आमच्याच बाजाररस्त्यावर, दोन दिवसांपुरत्या काँक्रीटच्या भिंती उभ्या करून.

माझ्या शिवणकामाच्या खोलीच्या खिडकीतून मी सराव बघितला. खालच्या वळणावर मी रोज जीव मुठीत धरून गाडी वळवते. तिथे ठमी अशी सुसाट आली, की आता भिंतीवर आदळणारच म्हणून मी डोळे गच्च मिटले. इंजिनाचा आवाज मात्र जरासुद्धा अडखळला नाही.

सराव संपल्यावर मी तरातरा तिच्या तंबूत गेले. "घासलीस ना परत?"

ठमीने मान खाली घातली. मेकॅनिकने हसून मला मागचं चाक दाखवलं. टायरच्या बाहेरच्या अंगावरची पिवळी अक्षरं पार पुसली गेली होती, पण चाकाच्या धातूवर साधा ओरखडाही नव्हता.

"प्रत्येक फेरीत भिंतीला घासते, काकू. मुद्दाम. तेही फक्त अक्षरांपुरतं."

मी त्या रबरावरून बोट फिरवलं. ते अजून गरम होतं.

संध्याकाळी मी गाडीची किल्ली ठमीच्या हातात दिली. फाटकातून आत येताना तिने आरसा घासला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं.

"राहू दे गं," मी म्हटलं, "फाटकच अरुंद आहे मेलं."