मानेखालची रेघ

मी एक जुनी ट्रायल्सची सायकल आहे. मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या सायकली माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवतात. मी कुणाला कुठेही पोचवत नाही. मला सीट नाही, गिअर नाहीत, घंटीही नाही. दगड, ओंडके, सिमेंटचे ठोकळे, भिंतींच्या कडा यांवरून स्वाराचा पाय जमिनीला टेकू न देता पलीकडे जाणे, एवढेच माझे काम. पाय टेकला की एक गुण दंड. त्यामुळे मी धावते कमी आणि उड्याच जास्त मारते. प्रत्येक उडीचा दणका आधी टायर घेतो, मग चाक, मग चाकाला धरणारा फोर्क, आणि उरलेला सगळा माझ्या मानेत येतो.

मान म्हणजे समोरची आखूड नळी. तिच्यात फोर्क फिरतो आणि तिच्यावर हँडल बसते. तिच्या खालच्या अंगाला एक जाड नळी येऊन मिळते. कारखान्यात माझ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरबाईंनी हा जोड सर्वांत शेवटी केला. तोंडावरची काच वर करून त्यांनी तो दिव्याखाली धरला आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "हिचं सगळं ओझं इथं येणार बघ." मग त्यांनी पुढची फ्रेम उचलली. माझ्याविषयी कुणी बोललेले ते पहिले वाक्य. पुढे बरीच वर्षे मला त्याचा अर्थ कळला नाही.

मी ज्या घरी आले तिथे दोन खोल्या, एक अंगण आणि अंगणात पत्र्याची शेड होती. घरात तीन माणसे. माझी स्वार म्हणजे घरातली लेक. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करी आणि सकाळी कामावर जाण्याआधी सराव करी. अंगाने लहानखुरी, पण उडी अशी की मैदानावर सगळे तिला बेडकी म्हणत. तिचे बाबा सुताच्या गिरणीत पस्तीस वर्षे यंत्रे दुरुस्त करून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना फिटर म्हणूनच ओळखत. आणि आई. आईला सायकलीतले काही कळत नसे, पण माणसांतले सगळे कळे.

माझी देखभाल फिटर करीत. सराव संपला की बादलीभर पाणी, मऊ ब्रश आणि जुन्या बनियनचे फडके. जोराच्या फवाऱ्याने सायकल धुणाऱ्यांचा त्यांना भारी राग. म्हणत, "त्यानं घाण निघत नाही, बेअरिंगमध्ये जाऊन बसते." चेनच्या एकेका कडीवर तेलाचा एकच थेंब, आणि थोड्या वेळाने तोही वरून पुसून काढायचा, कारण बाहेर राहिलेले तेल नुसती धूळ गोळा करते. तेलाचा हात ब्रेकला लावायचा नाही. चाकाचे आरे बोटाने छेडून ऐकायचे. एखादा ढिला असला तर तो भसाडा वाजे आणि फिटर लगेच त्याला पिळत. नटबोल्टसाठी त्यांच्याकडे ठरावीक जोर लागताच टक् वाजणारा पाना होता. चेन दर चार महिन्यांनी बदलायचीच, मग ती कितीही चांगली दिसो. उडीच्या ऐन वेळी चेन तुटली तर स्वाराचे दात हँडलवर आपटतात. माझ्या शेजारी बेडकीची डोंगरी सायकल उभी असे. तिचे सस्पेन्शन पंधरा दिवसांनी एकदा पुसले की भागे. मला मात्र दर सरावानंतर हात लागायचा. मला त्याचा गर्व होता.

अशी सहा वर्षे गेली. करंडक आले, ते आईने फडताळावर ओळीने मांडले. एका फोटोत बेडकीने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले आहे. मैदानावर लोक म्हणत, "फिटरची सायकल कधी आवाज करत नाही." हे वाक्य फिटर घरी येऊन दोनदा तरी सांगत. ते वाक्यच पुढे आमच्या मुळावर आले.

कारण सहाव्या वर्षी फिटरांची नजर अंधुक झाली होती. ते कुणाला सांगत नव्हते. डोळ्यांचे काम त्यांनी हळूहळू कानांना आणि बोटांना देऊन टाकले. आरे ऐकून कळत, बोल्ट पान्याने कळत, चेन हाताला कळे. जे ऐकू येत नाही आणि हाताला लागत नाही, तेवढेच त्यांच्या तपासणीतून सुटत होते.

"अहो, काल मला शेजारीण समजून 'या, बसा' म्हणालात," आई म्हणाली.

"तू पाहुण्यासारखी दारात उभी होतीस. मी तरी काय करू?"

"डोळे दाखवा."

"दाखवतो की. हे बघ." असे म्हणून फिटरांनी डोळे मोठे केले.

मग आई लेकीकडे वळली. "दिवसभर लोकांचं रक्त बघतेस. घरातही बघ जरा. ती सायकल तू एकदा तपासत जा."

"बाबांच्या हातचं मी तपासायचं?" बेडकी हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्याकडे आता तेवढंच तर राहिलंय, आई."

मित्रांनो, यात कुणाचा आळस नव्हता. आमच्या शेडमध्ये पाण्याचा फवारा मारणारे कुणी नव्हते, गंज नव्हता, ढिलाई नव्हती. होता तो फक्त संकोच.

विभागाच्या संघाची निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली होती. तिघींतून दोघी घेणार होते. यापुढची निवड दोन वर्षांनी, आणि बेडकी तेव्हा तेहतीस वर्षांची होणार होती. चाचणीचा शेवटचा अडथळा आधीच जाहीर झाला होता. छातीएवढ्या उंच भिंतीवरून खाली, आणि तेही पुढच्या चाकावर उतरायचे. ती रोज त्याचाच सराव करू लागली. एका सकाळी उडी थोडी तोकडी पडली आणि माझे पुढचे चाक ठोकळ्याच्या कडेवर आदळले. ती पडली नाही. हसून म्हणाली, "वाचले."

मी वाचले नव्हते. मानेखालच्या जोडाच्या कडेला, रंगाच्या आत, केसाएवढी भेग पडली होती.

पोलाद तुटण्याआधी बहुधा वाकते, त्यामुळे माणसाला थोडी सूचना मिळते. आमच्या ॲल्युमिनियमला ती सवय कमी. भेग दर उडीला किंचित वाढते आणि एके दिवशी नळी एकदम सुटते. हँडल आणि पुढचे चाक एकीकडे जातात, स्वार दुसरीकडे. भिंतीवरून उतरताना असे झाले तर बेडकीचे डोके आधी खाली येणार होते. हे मला ठाऊक होते. आणि ते सांगायला माझ्याकडे एकच साधन होते. हँडलवर भार आला की मी करकरत असे.

तिसऱ्या दिवशी तिने ते ऐकले. "बाबा, पुढून कर्र असं काहीतरी येतंय."

फिटर दुखावले. त्यांची सायकल आणि आवाज! त्यांनी चार दिवस माझा पिच्छा पुरवला. पायडल काढून ग्रीस लावून बसवले. मी करकरले. पायडल ज्यावर बसते तो क्रँक उघडला. मी करकरले. हँडलचे चारही बोल्ट काढून, पुसून, टक् वाजेपर्यंत पुन्हा आवळले. मी आणखी मोठ्याने करकरले. इतक्या जवळ आले होते ते! पाचव्या दिवशी त्यांनी पातळ तेलाची नळकांडी घेतली आणि मानेभोवती सगळीकडे फवारा मारला. तेल खाली ओघळले, जोडावर आले आणि भेगेत शिरले. भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासायच्या बंद झाल्या.

बेडकीने हँडल दाबून पाहिले. शांत.

"केली की नाही गप्प?" फिटर म्हणाले.

"बाबा, तुमच्या कानाला तोड नाही."

आई दारातून म्हणाली, "कानाविषयी कुणी तक्रार केलीय?"

त्यानंतरचे सोळा दिवस मी मोजले. रोज पंचवीस ते तीस उड्या. भेग नखाएवढी झाली, मग दीड नखाएवढी. एक गोष्ट मी लपवणार नाही. भेग सापडावी असे मला वाटे, आणि सापडू नये असेही वाटे. सापडली तर मी संपले, कारण त्या जागी पुन्हा वेल्डिंग करून कुणी शहाणा माणूस उडी मारत नाही. नाही सापडली तर बेडकी संपेल. बेडकी मला भिंतीवर चढवी, कडेवर क्षणभर थांबे, ब्रेक धरून श्वास घेई. तेवढ्या वेळात माझे दोन्ही विचार होऊन जात. मग ब्रेक सुटे आणि मी खाली येईपर्यंत फक्त एकच विचार उरे: आज नको.

रविवारी नऊ वाजता चाचणी होती. शनिवारी सकाळी बेडकी मला अंगणात घेऊन बसली. हँडलपुढे स्पर्धेच्या क्रमांकाची पाटी बांधायची होती. पाटी बांधताना तिला मानेखाली एक बारीक काळी रेघ दिसली. तिने फडक्याने पुसली. पाटी घट्ट बसली का ते बघायला तिने पुढचे चाक दोन-तीनदा जमिनीवर आपटले. रेघ पुन्हा आली. तिने पुन्हा पुसली, पुन्हा आपटले. रेघ परत तिथेच, तेवढीच.

"बाबा, इथली घाण निघत नाहीये."

फिटर आले, उकिडवे बसले, बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. त्यांनी मान खाली घातली, नाक जवळजवळ माझ्या रंगाला टेकवले.

"कुठं?" त्यांनी विचारले.

रेघ त्यांच्या बोटाखालीच होती.

बेडकी रेघेवरून नजर काढून त्यांच्या डोळ्यांकडे पाहू लागली. शेवटी फिटर म्हणाले, "मला दिसत नाही, बेडके. पत्रा, रंग, सगळं एकच दिसतं. तू बघ आणि मला सांग."

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारले होते. त्यानंतर मात्र त्यांचा आवाज गिरणीतला झाला. "शेडमधून खडू आण. आधी ती जागा कोरडी पूस, अगदी कोरडी. आता खडू घास, पांढरी होऊ दे. मी हँडल दाबतो. बघत राहा."

त्यांनी हँडलवर सगळा भार टाकला. भेगेत शिरलेले तेल बाहेर आले आणि पांढऱ्या खडूवर एक काळी रेघ उमटली.

"दिसतंय?"

"हो."

"केवढी?"

"अंगठ्याच्या पेराएवढी."

"वेल्डच्या कडेनं जाते का?"

"कडेकडेनंच."

फिटर जमिनीवर बसले. "म्हणजे ते तेल मीच..."

मग बेडकी जे बोलली ते ऐकून माझे सगळे आरे ताठ झाले. "बाबा, एकच दिवस. पाच अडथळे. तेल घातल्यापासून सोळा दिवस टिकलीय, उद्या दुपारपर्यंत टिकेल."

"दुसरी कुणाची सायकल घे."

"दुसऱ्याच्या चपला घालून दोरीवर चालू? दोन वर्षं, बाबा. दोन वर्षं पहाटे उठलेय मी."

"ठाऊक आहे. तुझा चहा मीच करायचो."

"मग?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. फिटर उठले, शेडमध्ये गेले आणि करवत घेऊन आले. "डोळे गेलेत माझे, हात शाबूत आहेत," ते म्हणाले. "रेघ कुठं आहे तिथं बोट ठेव. त्याच्या चार बोटं मागून कापतो. सायकल अख्खी राहिली तर उद्या सकाळी तू मला पटवशील. आणि मी पटेन."

बेडकीचे डोळे भरले होते. तिने एकदा आईकडे पाहिले, एकदा पाटीवरच्या क्रमांकाकडे. मग बोट ठेवले. करवत चालली. तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. नाही. सोळा दिवसांत पहिल्यांदा मला पुढच्या उडीची भीती वाटत नव्हती.

रविवारी नऊ वाजता बेडकी अंगणात होती. चाचणीच्या मैदानाकडे जाणारी एक-दोन माणसे कुंपणापाशी थांबली, काही न विचारता पुढे गेली. ती माझी चाके, ब्रेक, क्रँक सोडवत होती आणि फिटर शेजारी बसून काय, कसे ते सांगत होते. संघात दुसऱ्या दोघी गेल्या.

पुढच्या आठवड्यात आईने फिटरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू होता. एका डोळ्याचे ऑपरेशन आधी झाले. पट्टी निघून काही दिवस गेल्यावर ते शेडमध्ये आले. माझी चाके आणि ब्रेक तोवर नव्या फ्रेमवर चढले होते. माझ्या मानेचा कापलेला तुकडा फळीवर होता. तो त्यांनी उचलला आणि दारातल्या उजेडात धरला.

"इतकी मोठी होती?" ते म्हणाले.

"हो, बाबा."

मग त्यांनी तुकडा ठेवला, फडके घेतले आणि नवी फ्रेम मानेपासून मागच्या चाकापर्यंत पुसली, एकेक जोड डोळ्यांनी पाहिला. पाहून झाल्यावर फडके बेडकीच्या हातात दिले. "आता तू बघ. माझं काही सुटलं असेल तर सांग."

तिने पाहिले. काही सुटले नव्हते. तरी तेव्हापासून दर सरावानंतर दोघेही पाहतात.

मित्रांनो, फळीवरून मी एवढेच मागते. तुमची सायकल करकरू लागली तर आवाज कुठून येतो ते आधी शोधा आणि तेल नंतर घाला. आवाज थांबला म्हणजे दुखणे बरे झाले असे समजू नका. धुताना, पुसताना तिच्या प्रत्येक जोडाकडे नीट पाहा. आणि तुमच्यासाठी जो मायेने राबतो त्याचे काम तपासायला लाजू नका. त्यात त्याचा अपमान नाही. त्या शनिवारी फिटर "मला दिसत नाही" असे म्हणाले नसते, तर रविवारनंतर ही हकिकत सांगायला मी उरले असते की नाही, ते राहू द्या. ती ऐकायला बेडकी उरली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.