सत्यवतीआक्कांचा मोर आणि माझ्या चार खोल्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कपाटाएवढा माझा देह बघून हसू नका. १९८७ साली मी बेळगावात, शहापूरच्या एका संगणक केंद्रात आलो, तेव्हा लोक चपला बाहेर काढून माझ्यासमोर उभे राहत.

मी एकटा, पण माझे पडदे चार. केंद्र चालवणाऱ्या यमनाप्पांनी एक आज्ञावली लिहून माझ्या पोटातल्या स्मृतीत चार खोल्या पाडल्या होत्या. चौघं एकदम कामाला बसत आणि प्रत्येकाला वाटे, आख्खं यंत्र आपलंच. शेजारच्या खोलीतलं कुणाला दिसत नसे. मग काय, मी लई ऐटीत असायचो.

वडगावच्या सत्यवतीआक्का माझ्यावर साडीच्या काठाची नक्षी काढायला येत. घरी माग होता, पण नक्षी कायम दुसऱ्यांची. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचा मोर रचला. दसऱ्याआधी तो बाहेर कुणाला कळला तर दुसऱ्याच कुणाच्या मागावर नाचेल, ही त्यांना धास्ती होती.

एके सकाळी आक्का काम संपवून उठल्या. त्यांची खोली यमनाप्पांनी साड्यांचे व्यापारी भावकूअण्णा यांना दिली. अण्णा बघतात तर पडद्यावर मोर उभा.

"आक्का, तुमचा मोर माझ्याकडं आलाय की," अण्णांनी हाक मारली. दारात चप्पल घालणाऱ्या आक्कांचा चेहरा पडला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यमनाप्पा विणकराच्या घरातले. त्यांनी कपाळाला हात लावला. "मागावर जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं ठेवूनच नवा ताणा सांधतोय न्हवं आपण? हितंबी तसंच केलं मी. खोली देताना जुनं पुसलंच न्हाय."

"मागावर माणूस तोच असतंय, यमनाप्पा," आक्का म्हणाल्या. "हितं माणूस बदलतंय."

अण्णांनी पडद्यावरून तोंड फिरवलं. "पुसा आधी. मी काय बघितलं न्हाय. फकस्त पहिली साडी माझ्या लेकीला द्या, आक्का."

आक्कांना हसू फुटलं. यमनाप्पांनी त्याच दिवशी आज्ञावली सुधारली, आणि पुढची खोली मी झाडूनपुसूनच दिली. दसऱ्याला मोर आक्कांच्याच मागावर नाचला. अण्णांची लेक ती साडी नेसून मला दाखवायला आली होती.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, तुमच्या नव्या यंत्रांतही अशा खोल्या असतात. एकाची खोली दुसऱ्याला देण्याआधी ती झाडत जा. माझ्या पोटात बघा हवं तर. आक्कांच्या मोराचं एक पीससुद्धा सापडणार नाही, आणि त्याचाच मला फार अभिमान आहे.