उशीवरचा उजेड

"अहो, तुमच्या मागच्या दाराचा दिवा थेट माझ्या उशीवर पडतो," सिस्टर फाटकाबाहेरूनच म्हणाल्या. "भांडायला नाही आले. बंद करा असंही नाही म्हणत, पायरीवर पडाल. पण बत्तीस वर्षं रात्रपाळी केली मी. दिवसा डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपले. आता निवृत्तीनंतर कुठे रात्री झोपायला मिळतंय, तर तुमचा दिवा हजर!"

सिस्टर महिन्यापूर्वीच मागच्या घरात राहायला आल्या होत्या. काचवाले ओशाळले. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; म्हणून गल्लीत सगळे त्यांना काचवाले म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत फाटकाशी उभं राहून इतकं सलग कोणी बोललं नव्हतं.

"बदलतो," ते म्हणाले. "पण उजेड कसा येतो ते तुमच्या खिडकीतूनच कळेल."

खिडकीतून त्यांना स्वतःचं मागचं दार दिसलं. रंग उडालेला, दोरीवर एकच सदरा. आपलं घर लांबून इतकं गप्प दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दिव्यांच्या दुकानदाराने घराबाहेर लावायचे दिवे काउंटरवर मांडले. त्यात एक लोखंडी टोपीचा होता, उजेड सरळ खाली टाकणारा. पाहताक्षणी त्यांना कळलं, हाच. उजेड कुठे वळतो हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

"तो गोल द्या. दुधी काचेचा."

संध्याकाळी दिवा लागताच खिडकीतून आवाज आला, "उशीवरून उठला, आता भिंतीवर जाऊन बसलाय!"

ते बघायला गेले. सिस्टरांनी चहा टाकला. अंधारात नुसत्या श्वासावरून कोणता पेशंट जागा आहे ते कसं ओळखायचं, हे त्यांनी सांगितलं. काचवाल्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. नवा चष्मा लावून तो बायकोला म्हणाला होता, 'तुझ्या गालावर तीळ आहे होय!' सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

दुसऱ्या दिवशी काचवाल्यांनी पिवळा, मंद दिवा लावला. तिसऱ्या दिवशी कोणी हललं की आपोआप लागणारा. मांजरांनी त्याला रात्रभर झोपू दिलं नाही.

"वॉर्डात कोणीतरी सारखी बेल दाबतंय असं वाटत होतं," सिस्टर म्हणाल्या. "अहो, तुम्ही किती खटपट करताय माझ्यासाठी!"

"उद्या माप घेऊन बघतो," काचवाले म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी ते 'जरा माप घ्यायला' म्हणून गेले. सिस्टर बहिणीच्या मुलीचं काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचा आवाज मंदावला आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. बसल्या जागी त्यांना झोप लागली होती. हातातला कप कलंडला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, महिन्यापूर्वी नव्हती अशी. काचवाल्यांनी हळूच कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि चपला हातात घेऊन पायरीपर्यंत अनवाणी आले.

ते घरी न जाता तडक दिव्यांच्या दुकानात गेले.

"तो टोपीवाला द्या."

"पहिल्या दिवशीच हातात घेतला होता की तुम्ही," दुकानदार म्हणाला.

"हो. घेतला होता."

अंधार पडायच्या आत त्यांनी स्टुलावर चढून दिवा बसवला. बटण दाबलं तसा उजेड दोन पायऱ्यांवर पडला आणि तिथेच थांबला. भिंतीवर नाही, कुंपणावर नाही. ते पुन्हा स्टुलावर चढले, एक स्क्रू ढिला वाटत होता.

खिडकी उघडली.

"अहो काचवाले! काहीच दिसत नाही हो! अगदी काळोख!" लहान मुलीसारखा आवाज होता.

"दिसत नाही ना?"

"मुळीच नाही! सुटलात बाई तुम्ही एकदाचे. आता रोज बघायला यायचा त्रास नको."

"नको," ते म्हणाले. "झोपा मग, सिस्टर. स्वस्थ झोपा."

खिडकी लागली. आतून कडी सरकल्याचाही आवाज आला. काचवाले स्टुलावरच उभे होते. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता. ते तो पिळतच राहिले.