मुक्कामाचा पत्ता

"हरदेवचा कागद आणलास का?"

फाटकाची कडी काढायच्या आधीच फुलो मावशींनी विचारलं. माझ्या छातीवरचा सरकारी बिल्ला त्यांना दिसला होता आणि तेवढं त्यांना पुरलं होतं.

"कोण हरदेव?"

"माझा मुलगा. हॉलंडहून येतोय, चौदा तारखेला. कंप्यूटरवर अर्ज टाकलाय म्हणाला, पास झाला की कळवतो म्हणाला. आठवडा झाला त्याला. म्हटलं, तुमच्या ऑफिसात कुठं पडून राहिला की काय."

"मी त्यासाठी नाही आलो, मावशी."

"मग कशाला आलास एवढ्या उन्हात? ये आत. कुत्रा नुसता भुंकतो, त्याला दातच नाहीत."

मी आलो होतो त्यांची चौकशी करायला. पण हे फाटकात उभं राहून सांगणं मला जमलं नाही.

हॉलंडचा पासपोर्ट घेऊन आमच्या देशात येणाऱ्यांचे अर्ज आमच्या खात्यात येतात. आधी त्याला व्हिसा म्हणायचे, मग टुरिस्ट कार्ड म्हणायला लागले, आता प्रवेश शुल्क म्हणतात. नाव बदललं की साहेबांना काहीतरी काम केल्यासारखं वाटतं. रकाने मात्र तेच राहतात: नाव, जन्मगाव, पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट, सुरीनाममधला मुक्कामाचा पत्ता. त्यातल्या निम्म्या लोकांच्या जन्मगावाच्या रकान्यात पारामारिबो, म्हणजे आमची राजधानीच असते. आपल्याच गावी यायला ते शुल्क भरतात आणि मी त्यांची पावती फाडतो. बावीस वर्षं मी हेच करतोय, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं मला वाटेनासंच झालं होतं.

या जुलैत नव्या यंत्रानं एक गंमत बाहेर काढली. एकाच महिन्यात त्रेचाळीस माणसांनी मुक्कामाचा पत्ता एकच दिला होता: घर क्रमांक सतरा, मार्कुसा रस्ता. साहेब खूश झाले. "बिनपरवान्याचं लॉज आहे हे, किसून. जा आणि खाटा मोजून ये," म्हणाले.

खाटा मोजायला काही वेळ लागला नाही. खांबांवर उभं असलेलं जुनं लाकडी घर, वर दोन खोल्या, खाली स्वयंपाक. एका खोलीत मावशींची खाट. दुसऱ्या खोलीला निळा रंग नुकताच दिलेला होता, त्याचा वास अजून गेला नव्हता. तिथं एक मोठा पलंग, दोन एकेरी गाद्या, खिडकीला नवी जाळी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेला पंखा.

"जाळी मी स्वतः ठोकली," मावशी म्हणाल्या. "गोऱ्या मुलांना आपले डास फार चावतात म्हणे. गेल्या वेळी हरदेवची दोन्ही मुलं इतकी लहान होती की त्यांना आठवतही नसेल. नऊ वर्षं झाली. मोठा आता बापाएवढा झालाय, फोटोत पाहिला मी."

"इथंच उतरणार ना सगळे?"

"मग कुठं उतरणार? हा पलंग काय मला लोळायला घेतलाय?"

खाली येऊन त्यांनी मला बसवलं. बाऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या उडदाच्या वड्याचं, पीठ भिजवलेलंच होतं. नको नको म्हणेपर्यंत चार गरम बारे आणि आंब्याची तिखट चटणी माझ्यासमोर आली. सरकारी माणसानं चौकशीच्या घरी खाऊ नये असा नियम आहे. तो करणाऱ्यानं मावशींच्या हातचा बारा खाल्लेला नसणार.

दुसरा बारा खाताना मी यादी काढली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारी घाबरेल. ती हसली.

"त्रेचाळीस? बाई गं! मला वाटलं वीसेक असतील."

"मावशी, हे हसण्यावारी नेऊ नका. हे सगळे तुमच्याकडे राहतात असं त्यांनी सरकारला लिहून दिलंय."

"राहत कुणीच नाही. दहा मिनिटं येतात. चीजचा तुकडा देतात, आपलं घर होतं तिथं उभं राहून फोटो काढतात, रडतात आणि जातात. ते चीज मला पचत नाही, मी कुत्र्याला घालते."

"मग पत्ता तुमचा का लिहितात?"

"कुणाचा लिहिणार? या रस्त्यावर चौदा घरं होती आपल्या हिंदुस्थानी लोकांची. पंचाहत्तर साली देश स्वतंत्र झाला तशी विमानं भरभरून हॉलंडला गेली सगळी. आमचे हे म्हणाले, मी माझी भातखाचरं सोडून बर्फात मरायला जाणार नाही. म्हणून आम्ही राहिलो. आता या रस्त्यावर माहितीतलं माणूस म्हणजे मी एकटी."

"हॉटेलात राहतात ना? मग हॉटेलचं नाव लिहावं."

मावशींनी झारा खाली ठेवला. "हेच मी पहिल्यांदा विचारलं होतं. रामदीनची थोरली, जयंती, तिचा फोन आला, मावशी तुझा पत्ता टाकू का म्हणून. मी म्हटलं, अगं, हॉटेलचा टाक की. तर म्हणाली, हॉटेलचा टाकला की मी पाहुणी झाले ना, मावशी. मला तो रकाना भरवत नाही. आणि फोनवरच रडायला लागली. काय म्हणणार मी? म्हटलं, टाक बाई, पत्त्याला काय खायला घालावं लागतं?"

मग जयंतीनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं दिराला, आणि हेगमधल्या कुठल्याशा लग्नात जेवणाच्या पंगतीत ते सगळ्यांना ठाऊक झालं. फॉर्मवर फुलो मावशीचा पत्ता लिहायचा, ती नाही म्हणत नाही.

या सबबीवर साहेबांचं समाधान होणार नव्हतं. पण आमच्या नियमांत एक पळवाट आहे: मुक्काम दुसरीकडे असला तरी संपर्काचा पत्ता म्हणून नातलगाचं घर चालतं. फक्त घरमालकानं प्रत्येकाशी असलेलं नातं लिहून सही करायला हवी. मी म्हटलं, मी नावं वाचतो, तुम्ही नातं सांगा.

"जयंती फान दाइक."

"हीच ती. लगीन गोऱ्याशी केलं, पण मिरची अजून आपलीच लागते. लिही, भाची."

"सख्खी?"

"मला मावशी म्हणते म्हणजे भाचीच की. तू नाही का म्हणत?"

मी भाची लिहिलं.

"सुखदेव जगमोहन."

"हा सायकलवरून आमच्या दारच्या नालीत पडला होता. याचं डोकं मी शिवून आणलंय दवाखान्यातून. लिही, पुतण्या."

"पीटर हेंड्रिक्स."

"हा कोण?" मावशी विचारात पडल्या. "हेंड्रिक्स... जन्मगाव बघ."

"उट्रेख्त. हॉलंडातलंच."

"मग कुणाचा तरी जावई असेल. लिही, जावई."

"मावशी, अहो माहीत नसलेल्या माणसाला जावई कसं करता?"

"इतकं लांबून येतोय बिचारा, पत्ता माझा लिहिलाय. नाही म्हणायला तू आहेस ना सरकार, मी कशाला म्हणू?"

एकदा मध्येच त्यांनी विचारलं, "आणि ते परतीचं तिकीट आधी का बघता रे तुम्ही?"

"परत जातील याची खात्री म्हणून."

"जातातच की. न जाता राहिलंय कोण?"

आम्ही पुढं वाचत गेलो. भाचे, पुतणे, नणंदेची नातवंडं, तीन जावई. त्रेचाळीस नावं संपली तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि मावशींच्या गोतावळ्यात मीही जमा झालो होतो.

"आता एक काम माझं कर," त्या म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसात फोन लाव. हरदेव रामसरन. पास झाला की नाही, एवढंच विचार. मी त्याला फोन केला की तो म्हणतो, मा, बघतो, मीटिंगमध्ये आहे."

मी मावीसला फोन लावला. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि तिच्यापासून काही लपत नाही.

"खातोयस ना तिथं बसून? आवाजावरून कळतंय," ती म्हणाली. "नाव सांग. रामसरन... हरदेव... हं, मंजूर. परवाच झालाय. चार माणसं, सोळा दिवस."

"मंजूर झालाय मावशी," मी फोन बाजूला धरून म्हटलं.

मावशींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. त्या सत्तरीच्या पलीकडच्या बाईचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला की मलाच बरं वाटलं. तेवढ्यात मावीसनं पुढचं वाचलं. मुक्कामाचा पत्ता: नदीकाठचं मोठं हॉटेल, दोन खोल्या, पूर्ण सोळा दिवस.

मी फोन ठेवला.

"पत्ता नीट लिहिलाय ना रे त्यानं?" मावशी म्हणाल्या. "लहानपणी सात उलटा काढायचा."

मी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

"आणि मंजूर झालाय तर मग या यादीत कसा नाही? त्रेचाळीस झाले ना आपले? त्याचं नाव खाली लिहून घे. त्याच्या पुढं मुलगा लिही. सख्खा."

"यादीत... मावशी, ही फक्त सतरा नंबरची यादी आहे."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. पण म्हातारी हुशार होती. तिनं यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हॉटेल?"

मी मान डोलावली.

चुलीवरची कढई त्यांनी उतरवली आणि तेल गाळून डब्यात भरलं. त्या हरदेवला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी समोर असता तर त्याच्या कानाखाली एक वाजवली असती. परक्यांना ज्या घराचं नाव फॉर्मवर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, ते याला एका रकान्यापुरतंही आठवू नये?

"तिथं एसी असतो," मावशी शेवटी म्हणाल्या. "सुनेला गरम सहन होत नाही. तिचा काय दोष? आणि मुलांना पोहायला पाणी असतं निळं. बरं केलं त्यानं. सांगायला लाजला असेल."

"तो येईलच की इथं. रोज येईल."

"येईल. येईल की." मग त्या माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. "काय रे, फॉर्मवर दोन पत्ते लिहिलेले चालतात का?"

"रकाना एकच असतो, मावशी."

"हो. एकच असणार."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि जबाबाखाली सही केली. शाळेत झाडलोट करण्यात तीस वर्षं घालवलेली ती बाई, पण सही वळणदार होती, प्रत्येक अक्षर सुटं. त्रेचाळीस माणसांची मावशी, आत्या, सासू म्हणून त्यांनी सरकारला लेखी दिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी अहवालात लिहिलं: सदर ठिकाणी लॉज आढळले नाही, घर खाजगी असून येणारे सर्वजण नात्यातले आहेत. खाटांच्या रकान्यात मी एक लिहिलं आणि पुढं सरकलो. निळ्या खोलीतला पलंग मोजायचं माझ्या हातून झालं नाही.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. उरलेले बारे त्यांनी कागदात बांधून माझ्या पिशवीत कोंबले होते. मी कडी उघडली तरी त्या बाजूला होईनात.

"तुला नियम सगळे ठाऊक असतात, म्हणून विचारते. त्या हॉटेलात भेटायला जायचं तर काय काय लागतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कागद रे. ओळखपत्र लागतं का? की त्यानं आधी नाव देऊन ठेवावं लागतं? मी कधी गेले नाही तसल्या ठिकाणी. दारात कुणी अडवलं आणि त्याला खाली यावं लागलं तर त्याची फजिती नको."

बावीस वर्षांत मला लोकांनी हजार प्रश्न विचारले असतील. मुदत किती, शुल्क किती, लहान मुलाला वेगळा अर्ज लागतो का. सगळ्यांना मी उत्तरं दिली, न बघता.

"काही लागत नाही, मावशी. सरळ आत जायचं. विचारलंच कुणी तर सांगायचं, हरदेवची आई."

"तेवढ्यावर सोडतात?"

"सोडतात."

"आणि किती वेळ थांबू देतात?"

"हवा तेवढा वेळ."

"छे, छे, हवा तेवढा कशाला. दुपारी जाईन, मुलांना डोळे भरून बघेन आणि चारच्या बसनं परत फिरेन. हे मी त्याला आधीच फोनवर सांगून ठेवते. म्हणजे सुनेच्या जिवाला घोर नको, की म्हातारी इथंच राहते की काय."

मी रस्त्यावर आलो. त्यांनी फाटक लावलं, कडी घातली आणि ती नीट बसली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं.