तो उठेपर्यंत

शिंपीणबाईंनी आठवडाभर मशीनला हात लावला नव्हता. कटिंग उभ्याने होतं, म्हणून टेबलावर कापलेल्या ब्लाउजांचा ढीग साचला होता. शिवायला मात्र बसावं लागतं, आणि बसायचं नाही असा बाईंनी हट्ट धरला होता. जेवणसुद्धा ओट्याशी, उभ्यानेच.

खूळ जुनंच होतं. लग्नाआधी भावासोबत टीव्हीवर त्यांनी बॉक्सिंगचं एक जपानी कार्टून, म्हणजे अ‍ॅनिमे पाहिलं. मग ते ज्या जपानी चित्रकथेवरून, म्हणजे ‘मांगा’वरून, काढलं होतं, ती हाती लागली. ती अजून चालूच होती आणि बाईही वाचतच होत्या. गेल्या भागात त्यांचा बॉक्सर तोंडावर आपटला, पंचाने आठपर्यंत आकडे मोजले, दहाच्या आत उठला नाही तर हरलाच, आणि तिथेच भाग संपला. पुढचा भाग लांबणीवर पडला होता.

ब्लाउज न्यायला आलेल्या नणंदेने कपाळावर हात मारला. "वहिनी, अगं कागदावरचा माणूस तो! परवा लग्नाला जायचंय मला. बस आणि शीव."

"तो उठल्याशिवाय मी बसणार नाही, वन्सं."

खुर्चीत रेललेला नवरा फिस्सकन हसला. "आणि नाहीच उठला तर?"

बाईंची कात्री थांबली.

"पहिलं दुकान जळालं तेव्हा मी अंथरूण धरलं होतं. दाराआड तुम्ही दोघं हेच कुजबुजत होता. नाहीच उठली तर? ऐकलं होतं मी सगळं."

नवऱ्याचं हसू विरलं. नणंद पदराशी चाळा करू लागली.

"मी उठले की नाही? मग ती खुर्ची सरकवा तिकडे. मला कापड पसरायचंय."